घड्याळाची चेन घासू नका, धुवा

चांदीच्या भांड्यांविषयी या सदरात लिहिलं आणि पत्रांचा ओघ भलत्याच दिशेला वळला. चांदी राहिली बाजूला, निम्म्या भगिनींनी विचारलं आहे ते घड्याळाच्या धातूच्या चेनबद्दल. 'ह्यांच्या घड्याळाची चेन काळवंडली आहे, चिंचेनं घासू का?' 'सोनेरी चेन टूथपेस्टनं उजळते असं शेजारच्या वहिनी म्हणतात, खरं का?' 'चेनच्या कड्यांतून काळा मळ निघतो आणि शर्टाच्या बाहीला डाग पडतो, काय करावं?' सांगलीच्या एका भगिनींचं पत्र तर चांगलं चार पानी आहे. त्यांच्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेलं घड्याळ आता त्यांच्याकडे आलं आहे. पाठीवर वडिलांचं नाव आणि तारीख, चेनच्या लॉकवर आद्याक्षरं कोरलेली. घड्याळ अजून चालतं, पण स्टीलची चेन मळकट झाली आहे, ओरखड्यांनी भरली आहे. पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न. आजोबांचं घड्याळ त्याच्या हातात घालायचं त्यांच्या मनात आहे. दुकानदार म्हणतो, 'मशीनवर पॉलिश करून देतो, आरशासारखी होईल. नाहीतर नवी चेन टाका.' यातलं काय करू, असा त्यांचा प्रश्न.

त्यांच्या प्रश्नाकडे येतेच. पण आधी सगळ्यांनाच लागू पडणारी एक गोष्ट सांगते, कारण खरी गोम तिथंच आहे.

आपल्या हातांना सवय आहे घासण्याची. पितळेचा डबा, तांब्याचा गडू, देवाची समई काळी पडली की चिंच लावायची, राख घ्यायची आणि खसाखसा घासायचं. ते बरोबरच आहे. तांब्या-पितळेवर हवेनं काळपट थर चढतो, चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं, राखेनं उरलासुरला निघतो. भांडं जाड असतं, त्यातलं कणभर गेलं तरी कळत नाही. घड्याळाच्या स्टीलच्या चेनवर असा थर चढतच नाही. ती काळी दिसते ती धातू काळा पडल्यामुळे नव्हे, कड्यांच्या फटींत मळ बसल्यामुळे. म्हणजे चिंचेला तिथं काही कामच नाही, आणि राखेला आहे ते फक्त ओरखडे पाडण्याचं.

चकचकीत चेन म्हणजे अगदी गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, दुसरं काही नाही. त्यावर बारीक चरे पडले की उजेड विस्कटतो आणि चेन धुरकट दिसू लागते. पॉलिशवाला काय करतो? त्या चऱ्यांच्या तळापर्यंतचा धातू खरवडून काढतो आणि नवा सपाट पृष्ठभाग तयार करतो. कल्हई आठवा. कल्हई लावली की भांड्यावर कथलाचा थर चढतो. पॉलिशचं उलट आहे, प्रत्येक वेळी चेनचा एक थर उतरतो. कल्हई दर दोन-चार महिन्यांनी करावी, पॉलिश मात्र घड्याळाच्या उभ्या आयुष्यात एक-दोनदाच.

हे स्टील आपल्या डब्या-पातेल्यांच्याच जातीतलं. काही भांड्यांच्या बुडाशी १८/८ असा छाप असतो, म्हणजे शंभरात अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल. चांगल्या घड्याळाच्या चेनला बहुधा ३१६ एल नावाचं स्टील वापरतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की धातूवर एक अदृश्य कवच तयार होतं, केसाच्या जाडीहून हजारो पटींनी पातळ. ते खरचटलं तरी हवेत आपोआप पुन्हा धरतं. म्हणून स्टील गंजत नाही. पण त्याचा एक वैरी आहे, मीठ. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवून पाहिलंय कुणी? बुडाला बारीक बारीक टिपके पडतात. आपल्या आज्या मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या ते उगाच नाही. घामातही मीठच असतं, आणि ते चेनच्या फटींत कोंडून राहतं. मॉलिब्डेनममुळे ३१६ एल स्टील मिठाला जास्त दाद देत नाही, पण स्वस्तातल्या चेनमध्ये ते असेलच असं नाही, आणि आतल्या पिना पुष्कळदा साध्या धातूच्या असतात. चेनवर तांबूस गंजासारखं दिसलं तर तो बहुतेक आतल्या पिनेचा असतो.

आता त्या काळ्या मळाबद्दल. घाम, अंगाचं तेल, मेलेल्या त्वचेचा कोंडा, पावडर, रस्त्यावरची धूळ आणि आपल्या बाबतीत कणीकसुद्धा. सगळं एकत्र होऊन लुकण तयार होतं. त्यात धातूची झिजलेली अगदी बारीक पूडही असते, म्हणून बाहीला काळा डाग पडतो. हा मळ नुसता घाण दिसतो म्हणून काढायचा असं समजू नका. धुळीचे कण त्यात असल्यामुळे हात हलला की तो जात्यासारखं काम करतो. कडी आणि पीन एकमेकींवर घासल्या जातात, भोकं मोठी होतात, पिना बारीक होतात आणि चेन ढिली पडते. घरच्या घरी तपासून पाहा. घड्याळ आडवं धरा, चेनची कड जमिनीकडे करून. चेन सरळ राहिली तर ठीक. वाळत घातलेल्या ओल्या दोरीसारखी खाली झुकली तर ती झिजली आहे असं समजा. अशी चेन एक दिवस बसमध्ये दांडा धरताना सुटते आणि मग चकाकीचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा, धुवायचं. कसं, ते सांगते.

सर्वांत आधी घड्याळ पाण्यात घालण्याजोगं आहे का ते पाहावं. मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' असं कोरलेलं असलं म्हणून ते घालून तीस मीटर खोल बुडी मारायची नसते. ते प्रयोगशाळेतल्या दाबाचं माप आहे. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की हात धुताना उडालेलं पाणी घड्याळ सोसेल. आतल्या रबराच्या कड्या वर्षागणिक कडक होतात, त्यामुळे जुन्या घड्याळाच्या बाबतीत हे लिहिलेलंही मानू नये. चावीवर चालणारं जुनं घड्याळ असेल तर ते पाण्यात घालूच नका. चेन सोडवून घेता आली तर उत्तम. जवळचा घड्याळजी दोन मिनिटांत काढून देतो. नाही जमलं तर घड्याळाच्या डबीला प्लॅस्टिकची छोटी पिशवी गुंडाळून वर रबर लावा, डबी हातात वर धरा आणि चेन तेवढी खाली लोंबू द्या. चावी आत दाबलेली आहे ना, ते एकदा पाहून घ्या.

बेसिनवर हे काम करू नये. एखादी पीन निसटली तर ती थेट मोरीतून गेलीच म्हणून समजा. एक परात घ्या, तिच्या तळाशी जुनं पांढरं फडकं अंथरा, त्यावर वाडगा ठेवा. वाडग्यात अर्धा लिटर कोमट पाणी. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला चालेल इतकंच, कढत नको. त्यात भांडी धुण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब. ज्यांना साबण नको वाटतो त्यांनी चार-पाच रिठे रात्री भिजत घालावेत, सकाळी कुस्करून ते पाणी पातळ कापडातून गाळून घ्यावं. सोनारमंडळी दागिने रिठ्याच्या पाण्यानं धुतात ते काही खुळेपणा म्हणून नाही. मात्र गाळायचं विसरू नका, सालीचा कोंडा फटीत अडकतो. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा यांच्या वाटेला जाऊ नका.

सुटी चेन या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यावी. मग दातांचा जुना, मऊ झालेला ब्रश घ्या आणि चेन बोटांवर वाकवून फटी उघडा. एका जागी दाबून घासण्यापेक्षा हलक्या हातानं आडवा-उभा फिरवा. आतली बाजू, म्हणजे मनगटाला टेकते ती, आणि लॉकच्या घड्या यांच्याकडे जास्त लक्ष द्या, नव्वद टक्के मळ तिथंच सापडेल. फटीत चिकटलेलं लुकण निघत नसेल तर लाकडी दातकोरणं वापरा. सुई, पीन, सुरीचं टोक बिलकूल नको. पाणी काळं झालं की बदला. काही चेनना तीन पाणी लागतात, आणि ते काळं पाणी पाहिलं की आपण हे इतके दिवस हातावर वागवत होतो याचं नवल वाटतं!

नंतर साध्या पाण्यात दोनदा बुचकळून साबण पुरता काढा. साबण राहिला तर मनगटाला खाज सुटते. मग लगेच टिपा. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यांनी तर क्षणभरही थांबू नये, नाहीतर पांढरे ठिपके उमटतात. पुसायला जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं फडकं सर्वांत चांगलं. चष्म्याबरोबर मिळतं ते मऊ कापडही चालेल. मग चेन कोरड्या कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा. फटींतलं पाणी वाळायला वेळ लागतो. केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत तिच्यावर सोडायची गरज नाही.

महिन्यातून एकदा एवढं केलं की पुरे. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी करावं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भगिनींनी समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी चेन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसावी.

आणि क्रम पाळावा. आधी धुणं, मग पुसणं. धुळीनं भरलेली चेन कोरड्याच कापडानं चमकवायला गेलात तर तीच धूळ तिच्यावर रेघोट्या ओढते. पुष्कळ चेनवर दोन प्रकारची घडण असते. मधल्या कड्या आरशासारख्या आणि बाजूच्या मंद, एका दिशेनं रेषा असलेल्या. त्या मंद कड्या 'उजळायच्या' नसतात. त्या तशाच असायच्या असतात. पुसताना रेषांच्या दिशेनं पुसा, म्हणजे झालं.

स्प्रिंगचा, ताणला की लांबणारा पट्टा असेल तर त्याला भिजत घालू नका. आत बारीक स्प्रिंगा दडलेल्या असतात, त्यांत शिरलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. दोन बोटांवर ताणून धरावा आणि ओलसर ब्रशनं फटी पुसाव्यात. जाळीच्या चेनला भिजवलं तरी चालतं.

आता काय करू नये त्याची पत्रं. तारेची घासणी आणि हिरवी खरबरीत घासणी, दोन्ही नकोत. हिरव्या घासणीत स्टीलहून कठीण कण असतात. टूथपेस्टमध्ये खडूसारखी किंवा त्याहून कठीण पूड असते. दातांसाठी ती ठीक, पण आरशासारख्या चेनवर तिनं धुरकट झाक येते. शेजारच्या वहिनींना उजळल्यासारखं वाटलं ते मळ निघाल्यामुळे, आणि तो नुसत्या साबणानंही निघाला असता. पितळेसाठी मिळणारं पातळ पॉलिश तर मुद्दाम धातू खरवडण्यासाठीच बनवलेलं असतं. कपडे पांढरे करायचं ब्लीच, संडासात टाकायचं ॲसिड यांच्या जवळपास काम असेल तेव्हा घड्याळ हातातून काढून ठेवावं. त्यातलं क्लोरीन स्टीलला मिठासारखंच, किंबहुना जास्तच, खातं.

सोनेरी चेनचं सगळं वेगळं. तिच्यावरचं सोनं हा मुलामा असतो आणि तो मोजतात मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या काही घड्याळांच्या पाठीवर १० किंवा २० मायक्रॉन असं कोरलेलं असायचं, आणि तो जाड मुलामा समजला जाई. चेनवरचा पुष्कळदा याहून कितीतरी पातळ असतो. आपल्या डोक्याचा केससुद्धा साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. अशा चेनला ब्रशही अगदी मऊ आणि ओला हवा, आणि पॉलिशचं कापड, अगदी दागिन्यांच्या दुकानात मिळतं तेसुद्धा, नको. त्याच्यातही बारीक पूड चोळलेली असते. कडेला मुलामा जाऊन आतलं पितळ दिसू लागलं असेल तर तिथं हिरवट कळक धरेल. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचा प्रकार. अशा जागेवर चिंच-लिंबू लावलं तर उघडं पितळ आणखी खाल्लं जातं आणि मुलाम्याची कड सुटते. गेलेलं सोनं घरी परत आणता येत नाही. पुन्हा मुलामा देणारे कारागीर शहरात असतात, पण त्यासाठी आधी जुना थर काढावा लागतो. खर्च आणि चेनची किंमत यांचा हिशेब करूनच ठरवावं.

मनगटाला पुरळ येतं अशी तीन पत्रं आहेत. बहुतेक वेळा कारण असतं ते चेनखाली कोंडलेला घाम आणि साबण. धुऊन, वाळवून आणि एक कडी सैल करून पाहावं. चेन आणि मनगट यांच्यात करंगळी शिरेल इतकी जागा हवी. एवढं करूनही लॉक टेकतं नेमक्या त्याच जागी चकंदळ उठत असेल तर ती निकेलची बाधा असू शकते. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांना ती होण्याचा संभव जास्त. युरोपात १९९४ साली अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावं यावर कायद्यानं मर्यादा घातली, इतकी ही तक्रार सर्वसाधारण आहे. लॉकच्या आतल्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा हात देतात, पण तो उपाय तात्पुरता. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं आणि घड्याळाला सरळ कापडी किंवा चामड्याचा पट्टा लावावा.

आता सांगलीच्या भगिनींना. ताई, दुकानदाराला आत्ता हो म्हणू नका. मशीनवर फिरणारं चाक धातू खातं. चेनच्या कड्यांच्या धारदार कडा त्यानं बोथट होतात, आणि लॉकवरची आद्याक्षरं पुसट होतील किंवा जातीलच. घड्याळाची पाठही त्यानं हौसेनं चाकाला लावली तर नाव आणि तारीखही. ज्यासाठी हे घड्याळ मुलाच्या हातात घालायचं आहे तेच नाहीसं करून चकाकी काय कामाची? आधी वर सांगितल्याप्रमाणे चेन सोडवून तीन पाण्यांनी धुवा. चाळीस वर्षांचा मळ निघाल्यावर ती बरीच वेगळी दिसेल. ओरखडे राहतील, ते राहू द्यावेत असं माझं मत. तरीही हलकं पॉलिश हवंच असेल तर फक्त वरच्या कड्यांना, हातानं, आणि लॉक व पाठ यांना हात लावायचा नाही असं दुकानदाराला सांगा. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या.

मात्र दोन गोष्टींवर पैसे जरूर खर्च करा. चेन ज्यांनी घड्याळाला अडकवलेली असते त्या दोन स्प्रिंगच्या पिना नव्या घाला. त्या अगदी स्वस्त असतात आणि घड्याळ हातातून पडतं ते पुष्कळदा त्यांच्यापायीच. दुसरं म्हणजे, चेन फार झुकत असेल तर कड्यांच्या पिना बदलून मिळतात का ते विचारा. नवी चेन हा शेवटचा उपाय. ती घेतलीत तरी जुनी टाकू नका, कागदात गुंडाळून जपून ठेवा. तुम्ही कळवलंय की घड्याळ एचएमटीचं आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळूरला त्यांचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि कित्येक घरांतलं पहिलं घड्याळ तेच होतं. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला, तेव्हा अस्सल चेन मिळवणं सोपं नाही.

चेन मुलाच्या मापाला लहान-मोठी करावी लागेल. कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतील तर पीन त्या दिशेनं बाहेर ढकलायची असते, उलटीकडून ठोकली तर कडी बिघडते. तुम्ही मात्र हे घरी करू नका. काढलेल्या कड्या दुकानातून मागून घ्यायच्या, हे कुणीच विसरू नये. पुढं मनगट भरलं की त्यांची गरज लागते आणि त्या मापाच्या कड्या दुसरीकडे मिळतीलच असं नाही. एका छोट्या पुडीत घालून घड्याळाच्या बिलाबरोबर ठेवाव्यात.

एक सूचना खास आपल्यासाठी. घड्याळ आणि सोन्याची पाटली एकाच हातात घालू नका. सगळ्यांना काळजी असते ती पाटलीनं घड्याळाला चरे पडतील याची. खरं तर स्टीलपेक्षा बावीस कॅरट सोनं कितीतरी मऊ. झिजते ती पाटली! घड्याळ डाव्या हातात असेल तर पाटल्या-तोडे उजव्या हातात घालावेत. काचेच्या बांगड्या त्यातल्या त्यात चालतात, पण सोनेरी चेनशेजारी त्याही नकोत. कणीक मळायला बसताना, मुलांना तेल लावताना आणि हळदीच्या कामाला घड्याळ खिडकीत न ठेवता कपाटात ठेवा. रात्री काढल्यावर आतली बाजू फडक्यानं एकदा पुसली की पुरे, आणि चेन घड्याळाच्या काचेवर दुमडून ठेवू नका, तिची बाजू उघडी राहील अशी आडवी ठेवा. एकाच डब्यात दोन घड्याळं ठेवायची झाली तर प्रत्येकाला वेगळं फडकं गुंडाळा. पावसाळ्यात त्या डब्यात औषधाच्या बाटलीतून निघालेली, दमट ओढून घेणारी छोटी पुडी टाकून ठेवावी. ती मुलांच्या हाती लागणार नाही एवढं पाहा.